मानशीचे चाक कोण फिरवणार? अभियांत्रिकी शिक्षणाविषयी गोवा विद्यापीठाला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, विद्या परिषदेचे सदस्य आणि अभियांत्रिकी विषयांच्या अभ्यास मंडळांचे सदस्य,
गोवा विद्यापीठ, ताळगाव पठार.

स.न.वि.वि.

मी पेशाने स्थापत्य अभियंता. सरकारी नोकरीत तीस वर्षांहून अधिक काळ रस्ते, मोऱ्या, संरक्षक भिंती आणि खाजनांचे बांध अशी कामे केली. निवृत्तीनंतर अधूनमधून अभियांत्रिकीच्या मुलांना पाहुणा शिक्षक म्हणून शिकवतो. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, भाषा आणि साहित्य या विषयांना तोंडी लावण्यापुरते न ठेवता मुख्य ताटात जागा द्यावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ही विनंती कोणत्या अनुभवातून आली हे कळावे म्हणून माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो.

नोकरीची पहिलीच वर्षे होती. तिसवाडीतल्या एका खाजनातील जुनी लाकडी मानस कुजली होती आणि तिच्या जागी नवी बांधण्याचे काम माझ्याकडे आले. ज्यांना खाजन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मांडवी-जुवारीच्या खाड्यांलगतची सखल जमीन शेकडो वर्षांपूर्वी मातीचे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवली गेली, आणि त्या बांधात पाण्याच्या ये-जा करण्यासाठी जे दार ठेवतात ती मानस. जुन्या मानशीची झडप अशी टांगलेली असते की ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती बाहेरच्या बाजूला उघडते आणि भरती चढू लागली की बाहेरच्या दाबाने आपोआप मिटते. मी तिच्या जागी काँक्रीटचे खांब, पोलादी दार, वर आटे पाडलेला दांडा आणि तो फिरवायला लोखंडी चाक असा आराखडा केला. पाण्याचा दाब, दाराची जाडी, पायाची खोली, सगळे गणित चोख होते आणि वरिष्ठांनी ते एकही दुरुस्ती न सुचवता मंजूर केले.

काम संपत आले असताना एक वयस्क कूळ बांधावरून चालत आले. चाकावर हात ठेवून त्यांनी विचारले की रात्री अडीचला भरती लागेल तेव्हा हे फिरवायला कोण येणार. खात्याचा माणूस येईल, असे मी सांगून टाकले. त्या कामासाठी माणसाची जागाच मंजूर नव्हती, आणि ती असावी लागते हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. दोन पावसाळे गेले. चाक गंजून बसले, दार अर्धे उघडे राहिले आणि खारे पाणी शेतात साचले. कोरगूट हे खाऱ्या जमिनीतही तग धरणारे भात, पण साचलेल्या खाऱ्या पाण्यापुढे तेही टिकले नाही.

गंजलेले लोखंड हे त्या अपयशाचे अर्धेच कारण होते, हे मला नंतर हळूहळू कळले. मानशीजवळच्या मासेमारीचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जातो. पावणी घेणाऱ्याला दार उघडे राहण्यात लाभ असतो, कारण भरतीबरोबर सुंगटे (कोळंबी) आणि मासळी आत येते. शेत करणाऱ्याला तेच दार वेळेवर मिटलेले हवे असते. जुन्या झडपेशीही छेडछाड करता येत असे, पण ती मुद्दाम करावी लागे आणि गावाच्या नजरेस पडे. माझ्या चाकाने दार माणसाच्या हाती दिले आणि तो हात कोणाचा असावा, हा प्रश्न मोकळा सोडला. पूर्वी बांधाची राखण आणि दुरुस्ती गावकारी, म्हणजे गावच्या मूळ गावकऱ्यांची सामाईक संस्था, पाहत असे. १९६४च्या कुळ कायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. कोणी खर्च करायचा, कोणी राखण करायची आणि कसूर झाली तर कोणाला जाब विचारायचा, ही सारी व्यवस्था त्या लाकडी झडपेमागे उभी होती. मी झडप काढली आणि तिच्यामागची व्यवस्था पाहिलीच नाही.

हे मला कोणत्या विषयात शिकवायला हवे होते, याचा मी अनेक वर्षे विचार केला आहे. जलाभियांत्रिकीच्या पुस्तकात ते नव्हते आणि असण्याचे कारणही नाही. गावकारीची घडण हा इतिहासाचा विषय, पावणीचे हितसंबंध अर्थशास्त्राचा, कुळ आणि भाटकार (जमीनमालक) यांचे नाते कायद्याचा आणि समाजशास्त्राचा. बांधावर आलेल्या म्हाताऱ्याच्या प्रश्नात किती गोष्टी सामावल्या आहेत हे ओळखून त्यांना तिथेच बसवून पुढचे चार प्रश्न विचारणे, हे तर साहित्य वाचलेल्या माणसाला जमावे असे काम. मला यांतले काहीच शिकवले गेले नव्हते. चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला अभियंता म्हणून मी त्या बांधावर उभा होतो आणि समोरच्या माणसाला नीट प्रश्नही विचारू शकत नव्हतो.

आपल्या राज्यातल्या अनेक मोठ्या प्रश्नांत मला हेच दिसते. मी गोव्याबाहेरच्या एका महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा, ५ जुलै १९८६ रोजी, मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. आमचे घर बार्देशात आणि वडिलांची नोकरी पणजीला. त्या दिवसापासून १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत ते बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले. वर्गात आम्हाला या दुर्घटनेतून पुलाच्या काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी केबली खाऱ्या हवेत कशा गंजतात ते शिकवले गेले, आणि ते शिकणे आवश्यकच होते. पण देखभालीच्या नोंदी कोण ठेवतो, त्या कोणाच्या टेबलावर पोहोचतात, धोक्याची सूचना देणाऱ्या कनिष्ठ माणसाचे म्हणणे वरपर्यंत जाते की मध्येच विरते, हा भाग अभ्यासात नव्हता. संस्था कशा चालतात आणि कशा गप्प बसतात, हे समजून घेणारी शास्त्रे आहेत. पूल बांधणाऱ्याला त्यांची ओळख नसावी, हे मला तेव्हाही पटले नव्हते.

पुढच्या काळातले प्रसंग आपल्याला ठाऊकच आहेत. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या विरोधामुळे २००७ साली मागे घ्यावा लागला. खनिजाचा व्यवसाय २०१२ मध्ये थांबला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. गोव्याची आयआयटी २०१६ साली फर्मागुडीच्या तात्पुरत्या जागेत सुरू झाली. तिच्या कायम जागेसाठी सत्तरीतल्या शेळ-मेळावलीची निवड झाली तेव्हा गावकरी, विशेषतः बायाबापड्या, जमिनीच्या मोजणीला आडव्या झाल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने ती जागा सोडली. यांतल्या प्रत्येक वादात कोणाची बाजू बरोबर यावर मतभेद असतील, आणि ते असू द्यावेत. मला एवढेच म्हणायचे आहे की यांतला एकही प्रश्न अभियंत्यांना गणित न आल्यामुळे उभा राहिलेला नाही. मोजणीचे यंत्र घेऊन रानात गेलेल्या तरुणाला ती जमीन कोण कसते, जमिनीच्या एक-चौदाच्या सरकारी उताऱ्यावर कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, तिथल्या देवराईचे लोक काय मानतात, हे कोणी शिकवलेले नसते. त्याला नकाशा दिलेला असतो, आणि गावाला त्या नकाशात स्वतःचे घर ओळखू येत नाही.

साळावलीच्या धरणाचेच उदाहरण घ्या. बदकाच्या चोचीच्या आकाराचा तिथला सांडवा पाहायला स्थापत्यच्या विद्यार्थ्यांच्या सहली नेहमी जातात आणि जायलाच हव्यात. दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी देणारे ते धरण आहे आणि तो सांडवा खरोखर देखणा आहे. पण त्याच जलाशयाखाली गेलेले कुर्डी गाव बहुतेक सहलींच्या वाटेवर नसते. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. तिथले प्राचीन महादेव मंदिर दगडादगडाने सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले आणि गावातली माणसे वाडे आणि वालकिणीला जाऊन वसली. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की विखुरलेले कुर्डीकर सोमेश्वराच्या देवळाशी आणि कपेलाशी (छोट्या चर्चशी) जमतात, उत्सव करतात आणि पावसाआधी परत जातात.

एका मे महिन्यात मी काही विद्यार्थ्यांना सांडव्यानंतर तिथे घेऊन गेलो. तडे गेलेल्या चिखलात घरांच्या जोत्यांच्या रेषा तेवढ्या उरल्या होत्या. एक विद्यार्थी फोटो काढण्यासाठी एका जोत्यावर चढला तेव्हा जवळच उभ्या असलेल्या वृद्ध बाईंनी त्याला शांतपणे सांगितले, "बाबा, जरा बाजूने जा, तिथे आमचे देवघर होते." तो खाली उतरला, पायांतले बूट त्याने काढले आणि पुढचा तासभर तो त्या बाईंच्या मागून चालत राहिला. विहीर कुठे, गोठा कुठे, फणस कुठे, त्या दाखवत होत्या आणि तो वहीत रेखाटत होता. त्याच्या सहलीच्या अहवालात सांडव्यावरून जाणाऱ्या पाण्याच्या विसर्गाचे गणित होते आणि शेवटी त्या घराचा हाताने काढलेला आराखडा होता. गुण गणिताला मिळाले. आराखड्याला गुण देण्यासाठी मूल्यमापनात रकानाच नव्हता. "बुडीत क्षेत्र" हा शब्द मी आयुष्यभर फायलींत लिहिला. त्या मुलाने काढलेला आराखडा पाहिल्यावर तो शब्द लिहिताना माझा हात अडखळतो.

तो रकाना अभ्यासक्रमात यावा, ही माझी विनंती आहे.

यात नवे किंवा आगाऊ काही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आयआयटींसारख्या अभियांत्रिकी संस्थांनीही कला आणि मानव्यविद्यांचा अधिक समावेश करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात १६० क्रेडिटपैकी १२ क्रेडिट मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांसाठी आहेत. मात्र त्याच १२ क्रेडिटमध्ये इंग्रजी आणि व्यवस्थापनही बसवायचे असते, आणि राज्यघटना किंवा पर्यावरण यांसारखे विषय बिनक्रेडिटचे ठेवले आहेत. ज्याला गुण नाहीत त्याचे काय होते हे आपणा सर्वांना माहीत आहे: तास दुपारचा, शिक्षक जो रिकामा असेल तो, उत्तरे आदल्या रात्री पाठ केलेली. पुष्कळ ठिकाणी मानव्यविद्या म्हणजे मुलाखतीची तयारी, गटचर्चा आणि अर्ज लिहिणे एवढेच उरते. हे कौशल्य उपयोगाचे आहे, पण त्याला मानव्यविद्या म्हणणे हा त्या विद्यांवर अन्याय आहे. मूल्यशिक्षणाच्या व्याख्यानांविषयीही माझे हेच म्हणणे आहे. विद्यार्थ्याला प्रामाणिक राहा असे सांगितल्याने तो प्रामाणिक होत नाही. प्रामाणिक माणसावर दबाव कुठून आणि कसा येतो हे खऱ्या प्रकरणातून समजले तर तो निदान तयारीत राहतो. काणकोणला ४ जानेवारी २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून मजूर गाडले गेले. परप्रांतातून आलेली ती माणसे कोणत्या परिस्थितीत काम करत होती आणि परवान्यापासून छपरापर्यंत किती जणांच्या सह्या लागतात, याचा अभ्यास संरचना अभियांत्रिकीच्या वर्गात झाला, तर नीतिमूल्यांचे वेगळे व्याख्यान लागणार नाही.

मुले संगणक शाखेकडे जातात, त्यांना खाजन कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना तर याची गरज अधिक आहे. गोव्यातल्या जमिनीच्या नोंदी संगणकावर आल्या, तेव्हा जुन्या दस्तऐवजांतली नावेही आली. पोर्तुगीज काळात शेणव्यांचे "सिनाय" झाले, कामतांचे "कामोतिम" झाले, एकाच घराण्याचे नाव तीन पिढ्यांत तीन पद्धतींनी लिहिले गेले. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही तो नावे शोधणारी प्रणाली लिहील तेव्हा आजोबा आणि नातू त्याच्या यंत्राला परके वाटतील आणि वारसा हक्काचे काम करणारे कुटुंब खेपा घालत बसेल. मोडीतली आणि पोर्तुगीजमधली गावकारीची कागदपत्रे पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. ती वाचणारे इतिहासकार आणि ती यंत्राला वाचायला शिकवू शकणारे संगणक अभियंते एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली शिकतात, तरी त्यांची गाठ पडत नाही.

गोव्याला ही गाठ नवी नाही. सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी बुद्धाच्या शोधात घर सोडले. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी १९०७ साली कोसंबे येथे जन्मले, १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले आणि गणितज्ञ म्हणून नावाजले. त्याच गणितज्ञाने प्राचीन आहत (ठसे उमटवलेली) नाणी ताजव्यात तोलली, वापराने झिजून त्यांचे वजन किती घटते हे संख्याशास्त्राने तपासले आणि त्यावरून इतिहासाचे निष्कर्ष काढले. तोच माणूस भर्तृहरीच्या सुभाषितांची संहिता सिद्ध करायला बसला. आपण त्यांच्या नावाने दरवर्षी विचार महोत्सव भरवतो. त्यांनी जसे काम केले तसे काम करण्याची एक तरी वाट आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातून मिळावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे आणि कंपन्या नोकरी देताना इतिहास विचारत नाहीत, हे दोन आक्षेप मला प्रत्येक चर्चेत ऐकू येतात. पहिल्यात तथ्य आहे. म्हणून क्रेडिट वाढवू नयेत, जी आहेत ती नीट वापरावीत असे मी म्हणतो. शिवाय तीच प्रकरणे दोन-दोन विषयांत पुन्हा येतात, हे मी शिकवताना पाहिले आहे; ती छाटली तर जागा होते. दुसऱ्याविषयी पालकांची काळजी मला समजते, मीही बाप आहे. पण नोकरी मिळाल्यानंतरची तीस वर्षे अभियंता माणसांबरोबर घालवतो. गोव्यात त्याला ग्रामसभेला सामोरे जावे लागते, आणि तिथे त्याचा आराखडा त्याला मराठीत किंवा कोंकणीत, मच्छीमाराला आणि भाटकाराला एकाच वेळी समजेल असा मांडावा लागतो. मला हे जमत नसे. मी तांत्रिक शब्दांच्या मागे लपत असे आणि लोक त्याला लपवाछपवी समजत. गावच्या जत्रेतल्या नाटकात तीन तास रंगमंच गाजवणारा मुलगा प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत दोन वाक्ये धड बोलू शकत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. ती भाषा त्याच्याकडे असते. महाविद्यालयाच्या फाटकाशी ती ठेवून यायला आपण त्याला शिकवतो.

आपल्याकडे माझ्या मागण्या मोजक्या आहेत. मानव्यविद्यांच्या क्रेडिटपैकी निम्मी तरी गोव्याच्या जमिनीला, पाण्याला, कायद्याला आणि वस्तीला धरून आखलेल्या विषयांसाठी राखून ठेवावीत. ते विषय विद्यापीठाच्या इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी आणि कोंकणी विभागांच्या प्राध्यापकांनी अभियांत्रिकीच्या शिक्षकांबरोबर एकाच वर्गात उभे राहून शिकवावेत. पाठोपाठ दोन तास घेऊन निघून जाण्यात काही साधत नाही. त्यासाठी तासिका तत्त्वावरची माणसे न नेमता कायम पदे असावीत, कारण क्षेत्राभ्यास उभा राहायला गावाशी ओळख लागते आणि ती एका सत्रात होत नाही. परीक्षा वस्तुनिष्ठ प्रश्नांची नसावी. विद्यार्थ्याने एक मानस, एक मोरी, एक कचरा प्रकल्प किंवा एक पाणीपुरवठा योजना घ्यावी, तिच्या तांत्रिक बाजूबरोबर तिच्याभोवतीच्या माणसांचा अभ्यास करावा, अहवाल मराठीत किंवा कोंकणीत लिहावा आणि तो त्या गावात वाचून दाखवावा. गावकऱ्यांनी विचारलेले प्रश्न अहवालाला जोडले जावेत आणि त्यांनाही गुण असावेत. संपूर्ण बदलाला वेळ लागणार असेल, तर एका महाविद्यालयात, एका शाखेत, एका वर्षासाठी प्रयोग करून पाहावा.

त्या प्रयोगासाठी माझ्याकडून होईल ते मी करीन. तिसवाडीतल्या त्या मानशीचे मूळ आराखडे, गणिताची पाने आणि नंतरच्या दुरुस्तीची टिपणे मी जपून ठेवली आहेत. ती विद्यार्थ्यांसमोर ठेवायला मी तयार आहे, चूक कुठे झाली त्या खुणांसकट. ते दार पुढे काढून तिथे पुन्हा भरती-ओहोटीने चालणारी झडप बसवण्यात आली. माझे चाक बांधाच्या कडेला अजून पडून आहे. आपण एखादी ओहोटीची सकाळ कळवावी, मी मुलांना घेऊन बांधावर येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
बार्देश, गोवा